पूर्वींचा दम आणि आजचा दम

प्रत्येक पिढीस मागील पिढीकडून एक वाक्य वारसाहक्कानें मिळतें, आणि तें म्हणजे ‘आमच्या वेळीं असें नव्हतें!’ जमिनीच्या वांटण्या करितांना भावाभावांत तंटे होतात. परंतु ह्या वाक्याचा वारसा सर्व भावंडें एकमतानें घेतात व पुढें आपल्या मुलांच्या पदरांत घालतात. गेल्या हिवाळ्यांत आटपाडीच्या मैदानावर आमच्या शाळेचे वार्षिक सामने झाले, तेव्हांही तें वाक्य ऐकूं आलें. बक्षीस-समारंभास एक वृद्ध पैलवान पाहुणे म्हणून आले होते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत निम्मे मुलगे मध्येंच बसले, हें त्यांनीं स्वतः पाहिलें होतें. बोलावयास उभे राहतांच ते आपल्या माणदेशी बोलींत म्हणाले, “पोरांनो, आमी दोन कोस चालून शाळंला जायाचो, येताना जळण आणायचो, आन् सांजच्याला तालमीत घुमायचो. तुमच्यात दम न्हाई.” टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीं शिक्षकांनींही टाळ्या वाजविल्या.

दुसऱ्या दिवशीं नववीच्या वर्गांत एका मुलीनें उभें राहून विचारलें, “सर, त्यांनीं आमचा दम मोजला कसा?” वर्ग हंसला. आम्हीही हंसलों आणि धडा पुढें चालू केला. कारण त्या क्षणीं आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें. हा लेख म्हणजे त्या मुलीस उशिरा दिलेलें उत्तर होय. तें देण्याची निकड आम्हांस कां वाटली, तें वाचकांस लेखाच्या शेवटीं कळेल.

प्रथम शब्दांचा विचार करूं. श्रम, व्यायाम आणि तालीम हे तीन शब्द आपण एकाच पोत्यांत भरितों व मग वजन करावयास बसतों. पोटासाठीं शरीर झिजवावें लागतें, ते श्रम. शरीर निकोप राहावें म्हणून तें हालवावयाचें, तो व्यायाम. आणि एखादें विशिष्ट कार्य अधिक चांगलें साधावें म्हणून नियमानें, मापानें व जाणत्याच्या देखरेखीखालीं शरीर घडवावयाचें, ती तालीम. विहिरीवर दिवसभर मोट हांकणारा शेतकरी श्रम करीत होता. पहांटे सूर्यनमस्कार घालणारा विद्यार्थी व्यायाम करितो. घड्याळ लावून चारशें मीटरचें अंतर दहा वेळां धांवणारा आणि दर दोन धांवांमध्यें किती विसावा घ्यावयाचा हेंही ठरवून घेणारा खेळाडू तालीम करितो. घाम तिघांसही येतो. परंतु तिघांच्या घामाचें फळ एक नाहीं. ‘पूर्वींचीं मुलें अधिक कष्ट करीत कीं आजचीं?’ असा प्रश्न कोणी केल्यास ‘ह्या तिहींपैकीं कोणते कष्ट?’ असें आपण आधीं विचारलें पाहिजे.

आतां पूर्वींच्या पिढीची साक्ष घेऊं. आणि ती आपल्याच मातींतून घेऊं. आटपाडी हा एके काळीं औंध संस्थानाचा भाग होता. ८ मार्च १९४८ रोजीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याचे अधिपति भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे सूर्यनमस्कारांचे थोर प्रचारक होते. ते स्वतः नित्यनेमानें नमस्कार घालीत, आणि संस्थानांतील शाळांत मुलामुलींकडूनही ते घालून घेत. ह्या विषयावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. म्हणजे ज्या मुलखांत पाऊस पाठ फिरवितो आणि मेंढरांमागें व खिल्लार बैलांमागें माणसाचें आयुष्य सरतें, त्या मुलखांतील मुलांस श्रम तर चुकलेले नव्हतेच. वर शाळेंत व्यायामही होता. तेव्हां आमचे पाहुणे खोटें बोलले नाहींत. दोन कोस चालणें, कावडीनें पाणी आणणें, जात्यावर दळणें, ही त्या काळची खरी गोष्ट आहे.

ह्याच सातारा-सांगलीच्या भूमीनें दिलेलें सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे कराडजवळील गोळेश्वर गांवचे खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४). वडील स्वतः पैलवान. त्यामुळें मुलाच्या अंगास लहानपणींच तांबडी माती लागली. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत खाशाबा सहावे आले. मातींत वाढलेल्या ह्या मल्लास गादीवरील कुस्ती व तिचे नियम नवे होते. त्यानंतर चार वर्षें त्यांनीं तेंच नवें शास्त्र अंगीं बाणविलें. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा नव्हता. तेव्हां गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं तेथें बॅंटम वजनगटांत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती.

ही कथा सांगून आम्ही नेहमीं विद्यार्थ्यांस म्हणत असूं, “पाहा, किती कष्ट!” परंतु कथेचें मर्म निराळें आहे. कष्ट करणारे मल्ल त्या काळीं गांवोगांव होते. खाशाबांस लंडनहून हेलसिंकीपर्यंत, सहाव्या स्थानाहून तिसऱ्या स्थानापर्यंत, जें घेऊन गेलें तें केवळ अधिक कष्ट नव्हते. आपणांस काय येत नाहीं हें ओळखून तेंच शिकण्याची तयारी होती. ह्याच हेलसिंकीच्या सामन्यांत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनें पांच हजार मीटर, दहा हजार मीटर व मॅरेथॉन ह्या तिन्ही शर्यती जिंकल्या. तो थोडें अंतर वेगानें धांवे, मग हळू धांवून दम घेई, पुन्हां वेगानें धांवे. आणि असें कित्येक वेळां करी. एक माणदेशाच्या शेजारचा, दुसरा युरोपांतला. दोघांनींही श्रमास तालमीचें रूप दिलें होतें.

पूर्वींच्या पिढीच्या बाजूचा आणखी एक साक्षीदार आम्ही लपवीत नाहीं. शिवनाथसिंग हे धांवपटु अनवाणी धांवण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनीं १९७८ सालीं जालंधर येथें मॅरेथॉन शर्यत दोन तास बारा मिनिटांत पुरी केली. पुढें बूट सुधारले, आहारशास्त्र सुधारलें, परदेशचे शिक्षक आले. तरीही चाळीस वर्षांहून अधिक काळ एकाही भारतीय पुरुषास तो विक्रम मोडतां आला नाहीं. साधनें वाढलीं म्हणजे पराक्रम वाढतोच, असें समजणाऱ्या तरुणांनीं ही गोष्ट पाठ करून ठेवावी.

परंतु न्यायाधीशानें एकाच पक्षाचें ऐकून निकाल देऊं नये. आजच्या पिढीची साक्षही आटपाडी तालुक्यांतूनच घेऊं. करगणी गांवचे श्री. सचिन सर्जेराव खिलारी यांचा एक हात विद्यार्थिदशेंतच अपघातानें अधू झाला. ते आरंभीं भालाफेक करीत. खांद्यास दुखापत झाल्यावर ते गोळाफेकीकडे वळले. २०२३ सालीं पॅरिस येथें व २०२४ सालीं जपानांतील कोबे येथें ते जागतिक पॅरा-अजिंक्यपदाचे मानकरी ठरले. आणि सप्टेंबर २०२४ मध्यें पॅरिसच्या पॅरालिंपिक सामन्यांत १६.३२ मीटर गोळा फेकून त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक मिळविणाऱ्या कॅनडाच्या खेळाडूची फेक १६.३८ मीटर होती. फरक अवघा सहा सेंटिमीटरांचा; वाचकांनीं आपल्या हाताचीं तीन बोटें शेजारीं शेजारीं ठेवून तो पाहावा. त्या तीन बोटांच्या रुंदीसाठीं जो मनुष्य वर्षांनुवर्षें रोज मैदानावर जातो, त्याच्या पिढींत दम नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

शेजारच्या माण तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथें तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवल्या व दहाव्या आल्या. धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत पात्रता-फेरींतून ऑलिंपिकची अंतिम फेरी गांठणारी त्यांच्या पूर्वींची भारतीय स्त्री म्हणजे १९८४ सालच्या पी. टी. उषा, मध्यें बत्तीस वर्षें गेलीं. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. स्त्रियांसाठीं ही अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्यें २००८ सालीं प्रथम आली, आणि स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ सालीं. स्वतंत्र भारताच्या वतीनें ऑलिंपिकमध्यें पहिल्यानें स्त्रिया गेल्या त्या १९५२ सालीं, आणि त्या अवघ्या चार होत्या. माणदेशांतील आजी डोक्यावर हंडे घेऊन ओढ्यापासून घरापर्यंत जेवढी चालली तेवढें अंतर मोजावयास बसल्यास कोणाही धांवपटूनें मान खालीं घालावी. परंतु तिच्यासाठीं कोणी शर्यतच मांडली नव्हती. ‘पूर्वींचे खेळाडू’ म्हणतांना आपण निम्म्या माणसांस आधींच वगळलेलें असतें, हें विसरूं नये.

तिसरें उदाहरण बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे यांचें. पुरुषांच्या ह्याच शर्यतींतील गोपाळ सैनी यांचा ८ मिनिटें ३०.८८ सेकंदांचा भारतीय विक्रम १९८१ पासून टिकून होता. साबळे यांनीं २०१८ सालीं तो मोडला, आणि जुलै २०२४ पर्यंत आपली वेळ ८ मिनिटें ९.९१ सेकंदांवर आणली. सदतीस वर्षें जेथें एक सेकंदही कमी झाला नव्हता तेथें सहा वर्षांत जवळ जवळ एकवीस सेकंद कमी झाले. हा शेतकऱ्याच्या घरांतील मुलगा. लहानपणचे श्रम त्यासही होते, तालीम त्याच्या पुढची. जुन्याचा दम व नव्याचें शास्त्र एकत्र आलें म्हणजे काय होतें, तें येथें दिसतें.

मग पाहुण्यांचें म्हणणें सर्वस्वी चूक होतें काय? नाहीं. येथपर्यंत आपण निवडक खेळाडूंविषयीं बोललों. आतां वर्गांतल्या साठ मुलांविषयीं बोलूं. कारण शाळा साठांसाठीं असते, एकासाठीं नव्हे. ऑस्ट्रेलियाचे संशोधक ग्रँट टॉमकिन्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९६४ ते २०१० ह्या काळांतील अठ्ठावीस देशांच्या सुमारें अडीच कोटी मुलांच्या धांवण्याच्या चांचण्या तपासल्या, आणि २०१३ सालीं निष्कर्ष मांडला कीं मुलांचा दमश्वास दर दहा वर्षांस सुमारें शेंकडा पांच ह्या प्रमाणानें घटत आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी साठ मिनिटें तरी अंग चांगलें हालेल असे खेळ वा काम करावें. त्याच संघटनेच्या संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत जगांतील अकरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींपैकीं शेंकडा एक्याऐंशी ह्या मापांत उणीं पडलीं.

तेव्हां उत्तर दोन तोंडांचें आहे. आजचा खरा खेळाडू पूर्वींच्या खेळाडूहून कमी कष्ट करीत नाहीं. त्याची तालीम अधिक नेमकी व म्हणूनच अधिक कठीण असते. परंतु जो खेळाडू नाहीं त्या सामान्य मुलाच्या आयुष्यांतून श्रम गेले आणि त्यांच्या जागीं व्यायाम आला नाहीं. मोटेच्या जागीं विजेचा पंप, जात्याच्या जागीं गिरणी, पायवाटेच्या जागीं मोटारसायकल. ह्याचें दुःख करणें वेडेपणाचें होईल. ज्या बायकांच्या पाठी त्या श्रमांनीं वांकल्या त्यांस विचारा. शिवाय जुना काळ आठवतांना आपणांस जे टिकले तेच आठवतात. १९५१ च्या जनगणनेच्या सुमारास आपल्या देशांत सरासरी आयुर्मान अवघें बत्तीस वर्षें होतें. कष्टांनीं काटक झालेले आजोबा आपण पाहतों. कष्टांनीं व आजारांनीं खचून गेलेले त्यांचे भाऊ आपल्या दृष्टीस पडत नाहींत.

आतां आरंभीं सांगावयाची राहिलेली गोष्ट सांगतों. टाळ्या पडल्या त्या दिवशीं शर्यतींत मध्येंच बसलेल्या मुलांपैकीं एकानें मनाशीं पण केला. दुसऱ्या दिवसापासून तो अंधारांत उठून डांबरी रस्त्यावर धांवूं लागला. रोज, एकही दिवस न चुकतां, जुन्या फाटक्या बुटांनीं, पहिल्या दिवसापासूनच दहा किलोमीटर. चौथ्या आठवड्यांत तो लंगडत शाळेंत आला. विचारलें तर म्हणे, “कांहीं नाहीं, सर.” अखेर डॉक्टरांनीं नडगीच्या हाडास बारीक तडा असल्याचें सांगितलें व सहा आठवडे धांवणें बंद केलें. आम्ही त्याच्या घरीं गेलों आणि रागानेंच विचारलें, “दुखत होतें तर थांबला कां नाहींस?” त्यानें खालीं पाहून उत्तर दिलें, “सर, माझ्यांत दम नाहीं असें ते म्हणाले, तेव्हां तुम्हीं टाळ्या वाजविल्या होत्या.”

ह्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं. ज्या शिक्षकानें त्यास पुढील गोष्ट शिकवावयाची तो टाळ्या वाजवीत बसला होता. ती गोष्ट अशी. व्यायाम करितांना शरीर वाढत नाहीं. तें थकतें व किंचित् मोडतें. पुढें विसाव्यांत, अन्न व झोंप मिळाल्यावर, तें मोडलेलें दुरुस्त होतें आणि पूर्वींपेक्षां थोडें बळकट होतें. ही दुरुस्ती पुरी होण्यापूर्वींच पुन्हां तोच भार टाकला तर बळ वाढण्याऐवजीं घटतें. शिवाय सर्व अवयव एका गतीनें बळावत नाहींत. हृदय, फुप्फुसें व स्नायु कांहीं आठवड्यांत नव्या भारास सरावतात. हाडांस व स्नायुबंधांस कित्येक महिने लागतात. म्हणून ‘आतां दम लागत नाहीं’ असें छाती सांगत असतां नडगी आंतून चिरत असते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रोज आठ ते दहा तास झोंप आवश्यक आहे. ती तोडून केलेली मेहनत म्हणजे बियाणें दळून भाकरी करण्यासारखें आहे. आपल्या वाग्भटाचार्यांनींही शक्तीच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा असें सांगून ठेवलें आहे.

मुलगा घरीं असतां आम्हीं त्या वृद्ध पैलवानांस हा वृत्तांत कळविला. ते दुसऱ्याच दिवशीं काठी टेकीत त्याच्या घरीं आले, त्याच्या पायावरून हात फिरविला व पुष्कळ वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बाळा, येक गोष्ट सांगायची ऱ्हाऊनच ग्येली बघ. आमचा वस्ताद अंग रगडल्याबिगर, दुधाचा तांब्या प्याल्याबिगर झोपू द्यायचा न्हाई. आन् आठवड्याला येक दीस तालमीला कुलूप.”

जुन्या पिढीचें सर्व श्रेय व सर्व चूक आम्हांस ह्या वाक्यांत दिसते. कष्ट आठवले, कष्टांमागचा वस्ताद, खुराक व विसावा आठवला नाहीं. आठवण घाम जपून ठेविते, विसावा विसरते.

विद्यार्थी मित्रहो, ह्यांतून तुम्हीं काय घ्यावें? एक वही करा. रोज किती चाललां, किती धांवलां, किती झोंपलां, कोठें दुखलें, एवढेंच लिहा. पहिल्या महिन्यांत थोडें करा. दर आठवड्यास किंचित् वाढवा. आठवड्यांतून एक दिवस तालमीला कुलूप लावा. दुखणें लपवूं नका. तें लपविणें हा दम नव्हे. जो खेळाडू नाहीं त्यानें रोज एक तास अंग हालवावें. शाळा जवळ असेल तर मोटारसायकलीवर मागें बसून येऊं नये. आणि कोणी ‘तुमच्यांत दम नाहीं’ असें म्हटल्यास त्यांस नमस्कार करून विचारावें, ‘आपण तो कसा मिळविला, तें सगळें सांगाल काय?’

त्या मुलाचा पाय बरा झाला आहे. तो आठवड्यांतून चार दिवस धांवतो आणि सोमवारीं वही आमच्या मेजावर आणून ठेवितो. यंदाच्या शर्यतींत तो पहिला येईल कीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं. तो बसणार नाहीं, एवढें आम्हांस वाटतें. आणि बसलाच, तर त्याच्या शेजारीं जाऊन बसण्याचें आम्हीं ठरविलें आहे.